न थांबणारं यान

प्रकाशाच्याही पुढे धावणारं यान निदान कागदावर तरी बनू शकतं, असं हिल्क्येनं नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगनच्या विद्यापीठात मांडलं होतं. यानानं स्वतः धावायचंच नाही. भोवतालच्या अवकाशाचा फुगा करायचा, पुढचं अवकाश आकसायचं, मागचं पसरायचं, आणि अख्खा फुगाच ताऱ्यापर्यंत सरकायचा. तिच्या आईनं, बाउक्येनं, त्यातलं ‘कागदावर’ तेवढं वगळून बाकी सगळं फ्रीसलँडमधल्या आपल्या गावभर केलं.

गावानं सभागृहात हिल्क्येचं व्याख्यान ठेवलं. बँडवाल्यांनी खास धून बसवली. बेकरीवाल्यानं गुलाबी साखरेचा यानाच्या आकाराचा केक केला. लांबून तो बुटासारखा दिसे.

आणि नेमकी तेव्हाच हिल्क्येला आपल्या गणितात खोट सापडली. फुगा प्रकाशाहून वेगानं निघाला, की आतल्या माणसाचा कुठलाही इशारा त्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे यान वळवता येत नाही, थांबवताही येत नाही. तिनं खूप डोकं आपटलं, पण गणित बधेना. व्याख्यानाच्या दिवशी घरी येऊन तिनं आईला सांगितलं. बाउक्ये बटाटे सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

“आज नको सांगूस. उद्या सांग.”

“आई, खोटं बोलू?”

“खोटं बोल कुठं म्हणतेय मी? खरं बोल, पण जरा हळू बोल.”

हिल्क्येला ते जमलं नाही. भरल्या सभेत तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. गाईवाले ओएनेकाका उठले.

“म्हणजे ते निघेल, पण थांबणार नाही?”

“निघायलाही जी ऊर्जा लागते, तीच अजून कुणाला साठवता आलेली नाही, काका.”

“मग हे आमच्या मेहुण्यासारखंच झालं. जागचा हलत नाही, आणि हललाच तर आवरत नाही.”

मेहुणा बँडमध्येच होता. त्यानं रागानं तुतारी फुंकली, बाकीच्यांना तो इशाराच वाटला, आणि धून सुरू झाली. हसून हसून लोकांनी केक संपवला. हिल्क्येच्या मनावरचं ओझं उतरलं. बाउक्ये मात्र कोट घालून कोपऱ्यात बसून होती, आणि कालव्याकाठानं घरी येताना लेकीच्या चार पावलं पुढंच चालत राहिली.

सकाळी हिल्क्येला जाग आली ती कुंपणाशी चाललेल्या आईच्या आवाजानं. ती शेजारणीला सांगत होती, “जगभरचे शास्त्रज्ञ अजून त्या फुग्यामागं धावतायत. आमच्या हिल्क्येनं शोधूनही काढलं, की जमत नाही. केवढ्या लोकांचा वेळ वाचवला पोरीनं.”

ही अडचण इतरांनीही दाखवली होती, हे सांगायला हिल्क्ये दारापर्यंत गेली. तेवढ्यात शेजारणीनं विचारलं, मग आता पुढं काय करणार ती?

“बघेल काहीतरी,” बाउक्ये म्हणाली. “न जमणाऱ्या गोष्टींना काय तोटा आहे?”

हिल्क्ये मागे फिरली आणि तिनं आईची आणि आपली कॉफी ठेवली.