हे पोहे खाणार नाहीत

नवस बोलायचा तर माणसाने स्वतःच्या जिवावर बोलावा, एवढी साधी रीत आमच्या विजयाला ठाऊक नाही. चिंतामण गणपतीला गेली, देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवाने, तिथल्या रिवाजाप्रमाणे, नवसाचं उलटं स्वस्तिक काढलं आणि हात जोडून म्हणाली, "विक्रांत आपल्या हाताने पहिली चादर विकेल, तोवर हे पोहे खाणार नाहीत."

हे म्हणजे मी. मी शेजारीच नारळ धरून उभा होतो. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

उज्जैनमध्ये राहून पोहे सोडणं काय असतं, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नोकरीत होतो तेव्हापासून माझी सकाळ देवास गेटजवळच्या बापूच्या ठेल्यावर होते. वाफाळते पोहे, वर मूठभर शेव, कांदा, जिरावन मसाल्याची चिमूट आणि बाजूला जिलबी. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, ते मी केलं. सिगरेट सोडायला सांगितली, सोडली. पोह्यांबद्दल बोलायची त्यांचीही छाती झाली नव्हती.

आता विक्रांतचं सांगतो. आमचा हा एकुलता एक मुलगा इंदूरची चांगली नोकरी सोडून घरी आला, भैरवगढच्या बाटिक छापाच्या चादरी विकायचा धंदा काढायला. चादरी आल्या, गठ्ठ्यांनी दिवाणखाना भरला. सोफा दिसेनासा झाला, मी गठ्ठ्यावर बसून पेपर वाचायला लागलो. एक दिवाळी गेली, दुसरीही गेली. चादर एकही गेली नाही. विक्रांतची तैयारी चालू होती. आधी नाव ठरेना, मग लोगो ठरेना, मग चादरीच्या डब्याला फीत कुठल्या रंगाची बांधायची, ते ठरेना.

विजया मला म्हणायची, "अहो, जरा पोराला हलवा." मी पेपरमागून म्हणायचो, "बघू." काम पिकू देणं आमच्या रक्तातच आहे. आमचे पूर्वज दरबारात कारकून होते आणि आलेला कागद हातावेगळा करायची त्यांना कधी घाई नसे, हे आजोबा अभिमानाने सांगत. मी सरकारी नोकरीत तो वारसा जपला होता.

नवसानंतर मात्र मी फार चपळ झालो. आधी पळवाटा शोधल्या.

"चिवडा चालेल का?" मी विजयाला विचारलं.

"चिवडा कशाचा असतो?" तिने विचारलं आणि समोर उपमा ठेवला. त्यानंतर रोज उपमाच.

मग मी माझ्या मित्राला, दिलीपला, गिऱ्हाईक करून घरी पाठवलं. पैसे माझे, चादर त्याची, नवस फिटला, असा सरळ हिशोब होता. मी कोपऱ्यावर वाट बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने दिलीप बाहेर आला, तो हातात व्हिजिटिंग कार्ड घेऊन.

"चादर कुठाय?"

"अरे यार, विकतच नाही तो. चाय पाजली, लोगो दाखवला, माझी राय घेतली. मी हिरवा सांगितला."

"काय हिरवा?"

"फितीचा रंग."

मी तडक घरात गेलो. "दिलीपकाकांना चादर का नाही दिलीस?"

"बाबा, असं नसतं होत," विक्रांत लहान मुलाला समजावावं तसं म्हणाला. "लाँचच्या आधी विकली तर ब्रँडची व्हॅल्यू जाते. आधी डबे फायनल होऊ द्या. तुम्ही टेंशन नका घेऊ."

मी बापूच्या ठेल्यावर जायचो, कढईकडे पाठ करून नुसता चहा प्यायचो. बापूने एकदा विचारलंच, "क्या बाबूजी, हमसे नाराज हो?" मी त्याला नवस सांगितला. त्याने झारा खाली ठेवला आणि म्हणाला, "भाभीजी ने ये ठीक नहीं किया." सगळ्या गावात माझं दुःख कळलेला तो एकटाच.

त्याच दिवशी मला सुचलं. विक्रांतला काम सांगितलं की तो हलत नाही, पण तैयारी सांगितली की उडी मारून उठतो. मी म्हटलं, "तुझ्या वेबसाइटसाठी राम घाटावर फोटो काढले तर? सकाळच्या उन्हात, मागे क्षिप्रा."

"बाबा, आयडिया एकदम सही आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर पुढे तो, मागे मी आणि मध्ये एक निळी चादर. खरं सांगायचं तर पुढे काय करायचं, ते मलाही माहीत नव्हतं.

घाटावर कडाक्याची थंडी होती. राजस्थानातून आलेल्या बायकांचा एक जथा आंघोळ करत होता. विक्रांतने चादरीचं एक टोक मला धरायला दिलं, दुसरं आपण धरलं आणि ऊन कुठून येतंय ते बघत बसला. तेवढ्यात नदीतून एक धिप्पाड बाई कुडकुडत आली आणि सरळ आमच्या चादरीमागे उभी राहिली.

"थोड़ा ऊपर करो, भैया," ती म्हणाली.

तिला वाटलं, आम्ही आडोसा धरून पुण्य कमावतोय. आम्ही दोघांनी चादर वर केली आणि घाईघाईने माना वळवून नदीकडे बघायला लागलो. तिच्यामागून तिची जाऊ आली, मग सगळा जथाच. माझे हात भरून आले, पण चादर खाली करायची सोय नव्हती.

सगळ्यांचं आवरल्यावर त्या बाईने चादर आमच्या हातातून काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "कितने की है?"

मी मनातल्या मनात चिंतामणला हात जोडले.

"आंटी, अभी लॉन्च नहीं हुआ है," विक्रांत म्हणाला.

"हमें लॉन्च नहीं चाहिए, चादर चाहिए."

"पर डिब्बा नहीं है."

"डिब्बा ओढ़ूँ क्या?"

विक्रांतने किंमत सांगितली, बाईने कमी करायला लावली, आणि नोटा त्याच्या हातात आल्या. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. बाकीच्या बायका चादर चाचपून विचारायला लागल्या, लाल आहे का, मोठी आहे का.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू येईना, "तुम्ही इथेच थांबा. गिऱ्हाईक सोडू नका."

मी सांगणार होतो की नवस फिटला, आधी पोहे, पण तो पायऱ्या चढून पळत सुटला होता. या पोराला मी शेवटचं पळताना पाहिलं ते शाळेत असताना. मला भरून आलं. मग आठवलं, बापूची कढई लवकर संपते.

मी त्या बायकांना थोपवून धरलं. महाकालाच्या गोष्टी सांगितल्या, काही जागेवर रचल्या. शेवटी विक्रांत गठ्ठे घेऊन आला, मागून रिक्षातून आणखी गठ्ठे घेऊन विजया आली. त्याला तिथेच चादरी विकत सोडून आम्ही दोघं त्याच रिक्षाने चिंतामणला गेलो. तिने नवस फिटल्याचं सुलटं स्वस्तिक काढलं. मी रिक्षातूनच नमस्कार केला, उतरण्यात वेळ गेला असता.

बापूने कढईच्या तळाचे पोहे आमच्यासाठी खरवडून दोन बशांत घातले. पहिला घास पोटात गेल्यावर मी विजयाला विचारलं, "नवस बोललीस तर बोललीस, पण माझे पोहे का? स्वतःचे सोडायचे."

"मी माझे सोडले असते," ती म्हणाली, "तर तुम्ही दोघं हलला असता?"

मला लाज वाटली. पोहे गरम होते, त्यामुळे ती फार वेळ टिकली नाही.

"मागच्या अंगणातला नळ पावसाळ्यापासून गळतोय," विजया सहज म्हणाली.

"बघू," मी सवयीने म्हटलं.

तिने बशी खाली ठेवली, पदराला हात पुसले, चिंतामणच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडायला घेतले.

मी तोंडाशी आणलेली जिलबी खाली ठेवली आणि प्लंबरला फोन लावला.