अधूनमधून दाणा

मानसशास्त्र विभागातल्या उंदरांचं सगळं मामा बघायचे. पिंजरे झाडायचे, पाणी बदलायचे, वजनं लिहायचे. बारा वर्षं हंगामीच. कायम करा म्हणून विभागप्रमुख सरांकडे खेटे घालून चपला झिजल्या. पण सहा-आठ महिन्यांतून एकदा सर खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "मामा, यंदा तुमचं नक्की बघतो," की गड्याला पुन्हा हुरूप यायचा. आता मेहुण्याने एका शाळेत कायमची नोकरी बघून ठेवली होती. हो की नाही, ते आजच कळवायचं होतं. पुरे झालं, जायचं, असं मामांनी सकाळीच ठरवलं होतं.

त्यात संशोधन करणाऱ्या ताई रडकुंडीला आलेल्या. त्यांचे उंदीर दांडी दाबून दाणा मिळवायला शिकले होते. आता दाणा बंद केल्यावर ते किती दिवसांत नाद सोडतात, हे मोजायचं होतं. बाकीच्यांनी चार दिवसांत सोडला. एक पठ्ठ्या मात्र तीन आठवडे दाबतच होता.

"प्रबंधाची वाट लागली, मामा. हा ऐकतच नाही."

मामांनी हातातला झाडू खाली ठेवला. "ताई, चुकलं माझं. दाबून दाबून दमायचा बिचारा, मला बघवेना. म्हणून कधीतरी एखादा दाणा टाकायचो. रोज नाही हो, शपथ घेऊन सांगतो."

ताई रागावल्या नाहीत. तेवढं त्राणच उरलं नव्हतं. त्या स्टुलावर मटकन बसल्या.

"रोज टाकला असतात तरी चाललं असतं, मामा. रोजचं बंद झालं की लगेच कळतं. अधूनमधून मिळणारं बंद झालंय, हे कळतच नाही. पुढच्या खेपेला मिळेल, असं वाटत राहतं."

"मग हा सोडणार कधी?"

"कुणास ठाऊक."

मामा पिंजऱ्याकडे बघत राहिले. दया करायला गेलो आणि याला जन्माचा जुंपला, म्हणून त्यांना स्वतःची लाज वाटली. मग सरांचा खांद्यावरचा हात आठवला, आणि लाजेच्या जागी संताप आला. तडक बाहेर जाऊन त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

समोरून सर येत होते. जाता जाता त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "मामा, यंदा तुमचं नक्की बघतो हं."

"हॅलो, भावोजी? काय ठरलं मग?" मेहुणा विचारत होता.

मामांना सगळं कळत होतं. उंदराला निदान कळत तरी नव्हतं.

"अजून एक वर्ष बघतो रे," ते म्हणाले.