भाच्यानं मोडलेली सावड

धाराशिवच्या कॉलेजात साडेअकराला रणधीरचं भाषण होतं आणि कमलबाईला त्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं : सावड मी मोडली. बाकी तो स्टेजवर काय अक्कल पाजळेल ती पाजळो, तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी तिनं शरणम्माला बरोबर आणलं होतं. जी बाई दोन वर्षं आपल्याशी बोलत नाही, तिला एसटीत बसवून आणणं काही सोपं नव्हतं. "एकडाव चल. त्येच्याच तोंडानं ऐक. भाषनात सांगतो म्हनून मला फोनवर कबूल झालाय त्यो," असं तिच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून कमलबाईनं विनवलं होतं. शरणम्मा आली, पण बेंबळीपासून धाराशिवपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

रणधीर कमलबाईच्या थोरल्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली म्हणून आत्यानंच वाढवला. खव्याच्या कढईतली खरवड खाऊन मोठं झालेलं हे पोर पुण्याला जाऊन बिझनेस स्ट्रॅटेजी कन्सल्टंट झालं. म्हणजे नेमकं काय, ते गावात कुणालाच कळलं नाही. लोकांनी आपला धंदा कसा करावा हे तो सांगतो, एवढं कळलं आणि तेवढ्यावर गावानं त्याला डोक्यावर घेतलं. स्वतः त्यानं साधी पानटपरीसुद्धा चालवलेली नव्हती, पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गावात सात बायकांच्या सात खवाभट्ट्या होत्या. एखादीच्या घरी मयत झाली, बाळंतपण निघालं, दवाखाना लागला, की उरलेल्या सहाजणी न बोलावता येऊन तिची भट्टी पेटवायच्या. दूध तिचं, कढई तिची, घोटणारे हात तेवढे दुसरीचे. टेम्पोत खवा चढायचा तोही तिच्याच नावानं. शेतात जशी सावड करतात तशी ही भट्ट्यांची सावड. कमलबाईचा नवरा वारला तेव्हा तेरा दिवस तिची कढई शरणम्मानं घोटली होती, आणि वर तिला जेवायला घातलं होतं.

चार वर्षांपूर्वी रणधीर गावी आला तो लॅपटॉप आणि दोन सहकारी घेऊन. देवळात सगळ्यांना बसवून त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. पुण्याची एक मिठाई कंपनी रोज खवा उचलायला तयार होती, मात्र तिला चव एकच हवी होती. त्यासाठी सात भट्ट्या मोडून एक शेड, वाफेच्या कढया आणि दारात अंगठा लावायचं यंत्र. ज्या बाईचा अंगठा सलग तीन दिवस लागणार नाही, तिच्या जागी दुसरी. "सावड चांगली आहे," तो म्हणाला, "पण त्यात जबाबदारी कुणाची, ते ठरत नाही." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग कमलबाईकडे. पहिला हात तिनं वर केला. मग सहा हात वर झाले.

दीड वर्षानं शरणम्माची सून बाळंतपणात अडली. सोलापूरच्या दवाखान्यात शरणम्मा अकरा दिवस तिच्या उशाशी बसून होती. गावात तिच्या वाटची कढई घोटायला सहाजणी तयार होत्या, पण यंत्राला शरणम्माचाच अंगठा हवा होता. सून वाचली आणि शरणम्मा परत आली, तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई उभी होती. कमलबाईनं रणधीरला फोन केला. "नियम सगळ्यांना सारखा, आत्या," तो म्हणाला. त्यानंतर कुणी कुणाच्या मदतीला जाईना. जी ती आपली जागा सांभाळू लागली. पुढं कंपनीनं खव्याऐवजी गुजरातची दूध पावडर धरली, शेडला कुलूप लागलं. जुन्या भट्ट्या तर मोडूनच झाल्या होत्या. गावानं सगळा दोष कमलबाईच्या माथी मारला. तुझा भाचा, तुझा हात. हळदीकुंकवाच्या आवतणालाही तिचं घर वगळलं जाऊ लागलं.

कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आयुष्याचे आणि करिअरचे धडे'. रणधीर छान बोलत होता. पोरं हसत होती, वह्यांत लिहून घेत होती. कमलबाईला अभिमान वाटला आणि वाटला म्हणून स्वतःचा रागही आला.

"धडा चौथा," रणधीर म्हणाला, "माझं सगळ्यात मोठं अपयश." कमलबाईनं शरणम्माचा हात धरला. "आपल्याच जिल्ह्यात एका गावात बायकांची फार सुंदर रीत होती. आमच्या योजनेत ती मोडली गेली. का? कारण मी माझ्या आत्याला विचारलं. ती म्हणाली, चालतंय की. तिच्या मायेवर मी विसंबलो. मित्रांनो, घरच्या माणसाच्या शब्दावर कधीही निर्णय घेऊ नका."

टाळ्या पडल्या. शरणम्मानं आपला हात सोडवून घेतला.

खोटं! धडधडीत खोटं! कमलबाईच्या अंगाची लाही लाही झाली. अशा खोट्यासाठी याला खरवड चारली होती? पण तोवर तिचंच नाव पुकारलं गेलं. सरांना घडवणाऱ्या आत्यांचा सत्कार. शाल पडली, नारळ हातात आला, आणि कुणीतरी माइक पुढं केला, दोन शब्द बोला म्हणून.

"म्या असं म्हनलंच न्हाय," ती म्हणाली. आवाज हॉलभर घुमला. "देवळातल्या बैठकीच्या आदल्या दिशी ह्यो जेवाय बसला व्हता. म्या त्याला सांगितलं, बाबा, समदं कर पर सावड मोडू नगंस. ती मोडली तर आमी सातजणी सात वाटंला जातो. तर ह्यो हसला. म्हनला, आत्या, भावनेवर धंदा चालत न्हाय."

रणधीरचा चेहरा क्षणभर उतरला, क्षणभरच. मग त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत माइक घेतला.

"पकडला गेलो! खरंय. आत्या म्हणाली होती, मीच ऐकलं नाही. सावड मी मोडली. लिहून घ्या, धडा पाचवा : चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते."

अख्खा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. कमलबाईला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं, शब्दाला शब्द, आणि ते बोलताना भाच्याचं काहीएक गेलं नव्हतं. तरी तिला वाटलं, असू दे. शरणम्मानं तर ऐकलं.

स्टँडवर बेंबळीची गाडी लागली होती. शरणम्मा पायरीशी थांबली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"आदल्या दिशी तू त्याला सांगितलं व्हतंस?"

"व्हय गं. देवाशपथ."

"म्हंजे सावड मोडल्यावर काय व्हनार, ते तुला ठावं व्हतं."

कमलबाईनं खांद्यावरची शाल काढून नारळाभोवती गुंडाळली.

"मग दुसऱ्या दिशी पैला हात का वर केलास? आमी तुझ्याकडं बघूनच केले की."

खोटं बोलण्याची सोय कमलबाईनं स्वतःच घालवून टाकली होती. "समद्यांम्होरं त्याला मान खाली घालाय लागली आसती," ती म्हणाली.

शरणम्मानं मान डोलावली. "समदा गाव तुला बोलायचा. म्या बोलत नव्हते तुझ्याशी, पर मनात म्हनायचे, कमलला कळलं न्हाय, तिचा काय दोष."

ती गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली.