भट्टीची धाप

व्हॉल्यूम

"अजून मोठा कर," मिस्त्री म्हणाले.

लांबकेस्याने पायाशी ठेवलेल्या डबीवरचं बटण फिरवलं. डबी जेवणाच्या डब्याएवढी, वजनाला त्याहून हलकी. एक वायर गिटारमधून आत, एक डबीतून दुकानातल्या स्पीकरकडे. बाकी काही नाही. मिस्त्रींनी ती डबी आधीच उलटीसुलटी करून पाहिली होती. उघडायला स्क्रूसुद्धा नव्हता.

लांबकेस्याच्या डोक्यावर आता एकही केस नव्हता, पण नाव पडलं ते पडलं. त्याने दोन-चार सूर वाजवले. कपाटावरच्या डब्यातले नट-बोल्ट थरथरले.

"ओळखा कोण."

मिस्त्रींनी ओळखलं होतं.

"तुमची भट्टी," लांबकेस्याच म्हणाला.

भट्टी म्हणजे मिस्त्रींनी उमेदीच्या काळात स्वतःच्या हाताने बनवलेला, गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला, दोन माणसांनी उचलायचा. चालू केला की असा तापायचा की वर ठेवलेला चहा गार व्हायचा नाही, म्हणून ते नाव. पत्र्याच्या पट्टीवर हे नाव आणि व्हॉल्यूमपासून स्टँडबायपर्यंत सगळ्या बटणांची नावं मिस्त्री स्वतःच ठोकून कोरायचे. मग लोकांना हलकं सामान हवंसं झालं. भट्ट्या बनवणं थांबलं आणि मिस्त्री दुसऱ्यांच्या अ‍ॅम्पांची दुरुस्ती करत राहिले. बाळंतपणं बंद केलेल्या सुईणीने नुसती मलमपट्टी करावी तसे.

"ही डबी बनवणाऱ्या कंपनीने माझा अ‍ॅम्प मागून नेला होता," लांबकेस्या म्हणाला. "मला वाटलं, रेकॉर्डिंगला हवा असेल. त्यांनी समोर माइक लावला, आत हरतऱ्हेचे आवाज सोडले आणि बाहेर काय येतं ते कॉम्प्युटरला ऐकवत बसले. तो शिकला. आता ही डबी घेणाऱ्या प्रत्येकाकडे भट्टी आहे. डबीच्या पडद्यावर नावपण तेच येतं, बघा."

"एकच सूर वाजव. आणि धरून ठेव."

लांबकेस्याने वाजवला. सूर निघाला, निघताच जरा खाली बसला, मग हळूहळू वर उठला. त्याच्या मागे दुसराच कुणीतरी बेसूर कण्हत होता, अगदी बारीक.

"धाप लागलीय," मिस्त्री म्हणाले.

"कुणाला?"

"तुझ्या अ‍ॅम्पला. त्याचे कंडेन्सर म्हातारे झालेत. वीज साठवून धरायची ताकद नाही राहिली. जोर लावला की बसतो, मग उठतो. जिना चढून आल्यावर माझं होतं तसं. आणि यांनी तोच नेमका आजारपणात गाठला."

"पण जाहिरातीत तर लिहिलंय, 'श्वास घेणारा आवाज'."

"श्वास कसला रे," मिस्त्री म्हणाले. "धाप आहे ती."

बास

मिस्त्रींची लेक एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करायची. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने बापाचं तोंड पाहिलं.

"आता काय झालं?"

मिस्त्रींनी सांगितलं. तिने उभ्यानेच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना विचारून आली.

"बाबा, चोरी नाही म्हणतात त्या."

"माझा आवाज घेतला ना?"

"आवाज कुणाचा नसतो. म्हणजे गाणं असेल तर असतो. नुसता सूर कसा लागतो, त्यावर हक्क नाही सांगता येत. तुमच्या पेटीतल्या तारांच्या जोडणीचं चित्र त्यांनी चोरून छापलं असतं तर बघता आलं असतं, म्हणाल्या. त्यांनी चित्र घेतलंच नाही. पेटीसुद्धा उघडली नाही. त्यांनी फक्त ऐकलं. ऐकणं हा गुन्हा नाही."

"आणि जोडणी माझीच असेल तर?"

"तेव्हाच नोंदवायची होती. आता ती मुदतही उलटून गेली असती." लेक जरा थांबली. "आणि बाईंनी विचारलंय, तुमच्या बाबांना ती जोडणी कुठून सुचली?"

मिस्त्रींनी कानावर हात फिरवला. जोडणी एका जुन्या परदेशी अ‍ॅम्पची होती. कुणीतरी दुरुस्तीला आणलेला, तो उघडून बघता बघता त्यांनी मनात उतरवून घेतला होता. पुढे त्यात दहा ठिकाणी हात मारला, पण मूळ तेच.

"तू त्यांना काही सांगितलं नाहीस ना?"

"मला काय माहीत आहे सांगायला?" लेक म्हणाली आणि हसली. "नावाचं मात्र वेगळं आहे. शेजाऱ्याच्या घरासारखं घर बांधता येतं, त्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. 'भट्टी' हे नाव तुमचं, लोक तुम्हाला त्या नावाने ओळखतात, असं म्हणता येईल. एक पत्र धाडू का?"

"मला भांडायचं नाही."

"मग काय करायचंय?"

भट्ट्या एकेक करून मोडीत निघाल्या होत्या. बहुतेकांच्या पेट्यांची कपाटं झाली होती. लांबकेस्याची तेवढी चालू उरली होती. उद्या तीही जाईल, आपणही जाऊ. मागे राहणार ती ही डबी. आणि त्या डबीत आपलं नाव घेऊन कायमचं कुणीतरी धापा टाकत असणार.

"माणसाचा फोटो लावायचा तर तापात फणफणलेला लावतात का?" ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, बरा झालेला घ्या. मग खुशाल वापरा नाव."

मिडल

पत्र गेलं आणि कंपनीचा माणूस स्वतः आला. येताना वाकून आला, कारण दुकानाचं दार बुटकं होतं. वयाने लेकीएवढा. त्याने एकदम मिस्त्रींच्या पायालाच हात लावला.

"काका, मी कॉलेजात असताना तुमची भट्टी ऐकली. तेव्हापासून हाच आवाज करायचा होता."

मिस्त्रींना रागवायचं होतं. पायाला हात लावणाऱ्यावर रागवायचं कसं, हे त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"तो अ‍ॅम्प आजारी होता," ते म्हणाले.

"माहीत होतं, काका. कंडेन्सर गेलेत ते आम्हालाही ऐकूनच कळत होतं. सूर बसतो, खाली घुरघुरतं."

"माहीत होतं?"

"हो. पण तेच इतकं छान वाटत होतं."

मिस्त्रींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. चहा सांगितला. दोघांनी बराच वेळ व्हॉल्व्हविषयी गप्पा मारल्या, आणि लेकीने नंतर विचारलं तेव्हा मिस्त्रींना कबूल करावं लागलं की त्याला काम येतं.

ठरलं असं की मिस्त्री लांबकेस्याची भट्टी नीट दुरुस्त करतील, कंपनी तिला पुन्हा ऐकेल, आणि नवा आवाज डबीत जाईल. तसं झालं तर नाव वापरायला मिस्त्रींची हरकत नाही.

"आणि नाही पटलं लोकांना, तर?" जाताना पोरगा म्हणाला.

"बरं झालेलं माणूस न पटायला काय झालं?"

ट्रेबल

ट्रेबल म्हणजे वरचे, बारीक आवाज; ते मिस्त्रींना हल्ली ऐकू येत नाहीत. त्यामुळे या भागात जे काही घडलं, ते त्यांना कळलं नाही.

प्रेझेन्स

काम त्यांनी जीव लावून केलं. मान आखडली, चष्मा दोनदा बदलला, तरी केलं. नवे कंडेन्सर, कथलाचे जुने डाग काढून नवे डाग, व्हॉल्व्ह जोडी जुळवून. कंपनीने ऐकलं, शिकवलं, नवा आवाज डबीत घातला. जुना काढून टाकला.

लोक भडकले. लेकीने मोबाइलवर वाचून दाखवलं. "आमची भट्टी परत द्या." "कुणी बिघडवली?" "नवीन आवाज स्वच्छ आहे, दवाखान्यासारखा."

"दवाखान्यासारखा," मिस्त्री म्हणाले. "बघ, बरोब्बर ओळखलं."

मग कंपनीने जुनाही परत घातला. पडद्यावर दोन नावं दिसू लागली: 'भट्टी' आणि 'भट्टी, दुरुस्त'. दुसऱ्याकडे कुणी फिरकत नाही, हे पोराने फोनवर फार हळू आवाजात सांगितलं, घरात कुणी गेल्याचं सांगावं तसं.

त्याच आठवड्यात लांबकेस्या भट्टी हातगाडीवर घालून घेऊन आला.

"काय झालं? गेलं का काही?"

"नाही नाही. एकदम ठणठणीत आहे." तो स्टुलावर बसला. "तेच झालंय, मिस्त्री. कार्यक्रमात वाजवतो तर पोरं म्हणतात, हा भट्टीचा आवाज नाही. म्हटलं, अरे ही भट्टीच आहे, अख्ख्या जगात उरलेली एकुलती एक. तर म्हणतात, डबीतल्यासारखी नाही वाजत."

"मग?"

"जुने कंडेन्सर ठेवलेत का तुम्ही? पुन्हा बसवून द्या ना."

बाहेर कुणीतरी दुचाकीला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

"म्हणजे मी तिला परत आजारी पाडू," मिस्त्री म्हणाले.

"असं नका ना म्हणू."

"मग कसं म्हणू?"

"मलाही जुनीच आवडायची," लांबकेस्या म्हणाला. "तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? तेव्हा मला काय माहीत ती आजारी होती. मला वाटायचं, तिचा स्वभाव आहे."

मिस्त्रींनी पेटीची मागची फळी उघडली. आत बघितलं. सगळं कसं चकचकीत होतं, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला तयार करावं तसं. त्यांनी फळी पुन्हा लावली.

"हे माझ्या हातून नाही व्हायचं. तुला तो आवाज हवा तर डबी घे. आहे की तुझ्याकडे."

"स्वतःच्याच अ‍ॅम्पची नक्कल वापरू?"

"सगळे वापरतायत."

लांबकेस्याने टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मग ही इथेच राहू दे. मला आता उचलवतही नाही."

"बरं."

"रागावलात?"

"नाही रे. चहा घेऊन जा."

स्टँडबाय

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी लेकीला सांगितलं, कंपनीला नाव काढायला सांग. दोन्हीवरचं.

"दोन्ही? नव्याला तरी राहू द्या, बाबा. तो तुमचा आहे ना?"

"त्याला कोण हाक मारणार आहे? रिकाम्या घराला पाटी कशाला?"

कंपनीने मुकाट्याने ऐकलं. काही दिवसांनी लेक दुकानात आली, मोबाइल पुढे धरून उभी राहिली. दुरुस्त भट्टी यादीतून गेलीच होती. जुन्या आवाजाला नवं नाव दिलं होतं.

मिस्त्रींनी चष्मा वर-खाली करून वाचलं. 'धाप'.

"हा तर तुमचा शब्द," लेक म्हणाली. "मी लांबकेस्याकाकांना विचारलं. त्यांनीच सांगितलं म्हणे त्या पोराला, गप्पांमध्ये. वकीलबाईंना विचारू?"

"काय विचारणार? शब्द कुणाचा असतो का?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी मोबाइल परत दिला. "निदान आता खरं ते लिहिलंय."

लेक केर काढू लागली. मिस्त्रींनी भट्टीवर पडलेली कापडं बाजूला केली आणि ती चालू केली. व्हॉल्व्ह तांबूस झाले. त्यांनी वायरचं एक टोक भट्टीत खोचलं, दुसरं हातात धरलं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मिस्त्रींना गिटार वाजवता येत नव्हती. अ‍ॅम्प तपासायचा तर ते वायरच्या मोकळ्या टोकाला अंगठा लावायचे, तेवढा एकच आवाज त्यांना काढता यायचा.

त्यांनी अंगठा लावला. भट्टी बोलली. एकसारखी, भरीव, कुठेही न बसता.

"बंद करा ना बाबा, कान फुटतील," लेक केरसुणी थांबवून म्हणाली.

"थांब जरा," ते म्हणाले, आणि अंगठा तसाच ठेवला.