तित्तराचं काळीज

"आबा, उठा. रिपोर्ट आला." लेकीची, ज्ञानेश्वरीची हाक आली तसा भिकन लॅबमधल्या बाकावरून उठला अन् परत खाली बसला.

"मला नको सांगू. नाय, सांग."

आठवडाभर त्याला भाकर गोड लागली नव्हती. भिकन वाळूजला वॉचमन, पण मेंढरांमागं वाढलेला गडी. पाखरांना फासे लावायची सवय सुटली नव्हती. लेक बाळंतपणाला बजाजनगरच्या घरी आली, तेव्हापासून नाल्याकाठचं एखादं तित्तर चोरून घरी यायचंच. अन् घरची रीत अशी की काळीज पोटुशीच्या ताटात. त्याची बायको सुगंधाबाई स्वतःच्या हातानं वाढायची.

मग कॉलेजच्या सुलेखा मॅडम भेटल्या. नाल्याकाठी मेलेली पाखरं त्यांनी तपासायला नेली होती.

"काका, नाल्यात कुणीतरी शिसं सोडतंय. दाण्या-किड्यांतून ते पाखरांत जातं, काळजात साठतं."

"शिसं म्हंजे, शिसपेनीतलं?"

"नाही काका, बॅटरीतलं. विष आहे ते. पोटातल्या बाळाला तर फारच वाईट."

त्याच दिवशी त्यानं लेकीचं रक्त तपासायला दिलं.

"नॉर्मल हाय, आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "डॉक्टर म्हणले, बाळाला काय धोका नाय."

भिकननं टोपी काढून तोंड पुसलं. "पण एवढी काळजं खाल्ली तू..."

"कुठं खाल्ली? वासानंच मळमळायचं मला. आई वळली की मोत्याला टाकायचे. तिला नका सांगू, लई बोलंल."

"अगं लबाडे!" भिकन एवढ्या जोरात हसला की काउंटरवरची पोरगी दचकली. रिक्षात बसला तरी हसतच होता.

घरी सुगंधाबाईनं दारातच लेकीची दृष्ट काढली. भिकननं फासे चुलीत घातले अन् हात धुवायला मागं गेला.

भिंतीशी मोत्याची जर्मलची थाळी पडली होती. दहा दिवसांमागं कुत्रं मागचे पाय ओढत ओढत मेलं. शेजारच्या कचरूनं विष घातलं म्हणून भिकननं त्याला गल्लीभर शिव्या दिल्या होत्या. तेव्हापासून बोलणं बंद.

भिकननं थाळी घासली. पुसली. परत घासली.

भिंतीपलीकडं कचरू खोकला.

"कचरूभाऊ," भिकननं हाक मारली. "च्या घ्यायला येता का?"

पलीकडच्या दाराची कडी वाजली.

थाळी हातात धरूनच भिकन उभा राहिला.