टॅन्सीचा खांदा

डोनल रायन आयर्लंडमधल्या टिपररीत शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे पाळायचा. टॅन्सी ही त्याची सगळ्यांत चपळ कुत्री. ऐन हंगामात तिचा खांदा धरला आणि ती लंगडायला लागली.

"वसंतापर्यंत वाट बघतो," तो बायकोला, फिलोमिनाला म्हणाला. "नाहीतर डॉक्टरची सुई, कायमची झोपवणारी. बसून खाणारी तोंडं मी पोसत नाही."

फिलोमिनाचे वडील कुत्री चोळण्यात वाकबगार होते. ती लहानपणी त्यांच्याजवळ बसून शिकली होती. चुलीपुढं गोणपाट टाकून ती टॅन्सीला घेऊन बसू लागली. आधी नुसता तळवा ठेवून ऊब द्यायची, मग लांब लांब हात फिरवायचा, स्नायू सैलावला की अंगठ्यानं गाठ शोधून हळूहळू मोकळी करायची. आधी टॅन्सी गुरगुरायची. पुढं हात लागताच डोळे मिटू लागली. तिला भूक लागू लागली, झोप लागू लागली. एक दिवस तिनं पाय पूर्ण टेकला.

"लोकांच्या बायका नातवंडं मांडीवर घेतात, माझी बायको कुत्र्याला घेते," डोनल हसायचा. त्यांना मूल नव्हतं. बोलताना हे त्याच्या ध्यानात नसायचं, किंवा असायचंही.

वसंतात टॅन्सी सशामागं कुरणभर सुसाट धावली. फिलोमिनानंच हरखून हाक मारली, "डोनल, अरे बाहेर ये! बघ तरी!"

त्यानं बघितलं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघं आले, तर दारात गिऱ्हाइकाची गाडी उभी.

"अरे, ती आता घरची झालीय."

"घरची? घरात पळायला जागा कुठाय?"

टॅन्सी गाडीत चढेना. शेवटी फिलोमिनानं पाठीवर हात ठेवला, तेव्हा चढली.

उन्हाळ्यात डोनल चहा ओतता ओतता म्हणाला, "टॅन्सीचा पाय मोडला, शर्यतीत, वळणावर. तिथंच संपवली." मग बाहेर जाऊन त्यानं एक लंगडा कुत्रा आत आणला. "त्याच मालकाचा आहे. तुझ्या हाताला गुण आहे म्हणतो. बरा झाला तर पळेल, नाहीतर सुई."

कुत्रा आपणहून गोणपाटावर आडवा झाला. मांडीतली गाठ तिच्या अंगठ्याला लगेच लागली. तशीच ठेवली तर सुई, मोकळी केली तर वळण. कुत्र्यानं निवांत मान टाकली.

"तुला चावायला शिकवायला हवं होतं रे कुणीतरी," ती म्हणाली आणि तिनं अंगठा दाबला.