राबाची फांदी

"मेल्यानं कोयता नेला माझा!" बाईजा डोंगरावरून बोंबलतच उतरली, तशी सगळी वाडी अंगणात आली.

आमच्याकडं फाल्गुनात ऐनाच्या झाडाच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या आणि भाताच्या रोपाच्या जागेवर जाळायच्या. हाच राब. शेंड्याला कोणी हात लावत नाही. बाईजाची सासू ज्या ऐनावर चढायची, त्याच्यावरच ती चढते, आणि झाड अजून उभं आहे. तरी जंगलखात्याचा जगदीश गार्ड म्हणाला, जंगल तोडतेस, आणि कोयता हिसकून घेऊन गेला! समोरचा अख्खा डोंगर बंगल्यांसाठी मशीन लावून खरवडला, तेव्हा याच्या तोंडाला कुलूप होतं. आत्ता फांदी पडली नाही तर वाळणार कधी? बाईजाचं यंदाचं भात त्या कोयत्यावर अडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी शाळेत जंगलखात्याचे मोठे साहेब आले. बरोबर परदेशी पाहुणे, दुभाष्या, हार, नारळ. साहेब तासभर बोलले. ज्या देशाचा कारभार चोख, त्याचं जंगल टिकतं, शेती टिकते, म्हणाले. मग दुभाष्यानं विचारलं, कोणाला काही बोलायचंय का?

बाईजा उठली. "माझा कोयता द्या."

साहेबांनी हसून गार्डाकडं पाहिलं. "देऊन टाक रे."

त्यानं आणून पुढं केला. बाईजानं हात मागं घेतला.

"आसा नको. कशापायी नेला त्ये कागदावर लिवा. गुन्हा आसंल तं दंड भरीन. नसंल तं तसा लिवा."

"बाई, एवढ्याशा कोयत्याला कागद कसला?"

"डोंगर खरवडला त्याला कागद हाय ना? इचारला का तोच नाचवता! मंग माझे फांदीला का नाय? सांगा पावण्यांना, कारभार हाय हितं, पन आमचेकरता नाय!"

दुभाष्या पाहुण्यांकडं वळून दोन वाक्यं बोलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुरबाडला कॉलेजात जाणारी रेश्मा ताडकन उठली. "अगो, खोटा सांगतोय! बाईजाकाकी सायबांचे आभार मानते म्हनतोय!"

अंगाची लाही लाही झाली आमच्या. आमचं रडणंसुद्धा यांनी विकलं!

 कोयता गार्डाच्याच हातात सोडून बाईजा बाहेर पडली, आणि तिच्यामागं सगळ्या बाया. 

शेजारच्या शकूचा कोयता मागून घेऊन बाईजा त्याच दुपारी ऐनावर चढली. आजूबाजूच्या झाडांवर आम्ही बावीसजणी. जगदीश धापा टाकत आला. "उतरा खाली! एकेकीवर केस करीन!"

"कर," बाईजा वरून म्हणाली, "पयला कागद आन."

तो तिथंच बुंध्याशी उभा राहिला. त्याच्या डोक्यावर फांद्या पडायला लागल्या, तसा बाजूला सरकला.